महूत खायला काय आहे?

भोपाळमधल्या आमच्या वसतिगृहाच्या मेस कमिटीपुढे सध्या एक ठराव आहे. अंडी आणि चिकनचं काउंटर वेगळं करावं, ते खाणाऱ्यांची ताटं वेगळ्या रंगाची असावीत आणि ती ताटं धुवायचा नळही वेगळा असावा. ठरावाची भाषा अगदी सभ्य आहे. ‘सर्वांच्या भावनांचा आदर’, ‘स्वच्छता’, ‘सोय’. मांडणारे चौघं काही टिळे लावून फिरणारे नाहीत. त्यातले दोघं माझ्याच विभागातले, समाजशास्त्राचे. सेमिनारमध्ये ‘अन्नसंस्कृतीतील बहुविधता’ असं म्हणणारे. ठराव सूचनाफलकावर लागला त्याच शुक्रवारी या दोघांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला आणि मलाही त्यात घेतलं. ग्रुपचं नाव होतं, ‘चलो इंदौर, खाने’.

मी गेले. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं वाचून कुणी म्हणेल की हिला बोलावलं नाही म्हणून चिडली.

का गेले, ते तुमच्यापैकी बहुतेकांना सांगायची गरज नाही. हा हिशेब आपल्याला पाठ असतो. नाही म्हटलं तर ‘ती मिसळत नाही’, ‘तिच्यात कडवटपणा आहे’. हो म्हटलं तर महिन्याचं गणित कोलमडतं. ज्युनियर फेलोशिप कागदावर महिना ३७,००० रुपये आहे. ती वेळेवर आली तर ठीक, माझी चार महिने आलेली नव्हती. पण विभागात कुणाच्या लेखात सहलेखक म्हणून कुणाचं नाव जातं, कोणत्या परिषदेची माहिती कुणाला आधी कळते, हे अशा शनिवार-रविवारीच ठरतं. वर्गात बसायची जागा राखीव मिळते, गाडीतली मिळत नाही. तेव्हा मी उसने पैसे घेतले आणि गेले.

भोपाळहून इंदूर एकशे नव्वद किलोमीटरच्या आसपास. वाटेत एका जणीने एक्सेलचा तक्ता सगळ्यांना पाठवला. तेवीस पदार्थ, प्रत्येकासमोर ठिकाण, वेळ, आणि ‘अनिवार्य’ की ‘पोटात जागा असेल तर’ असा एक रकाना. संशोधकच आम्ही, तक्त्याशिवाय भजीही खात नाही. मी तक्ता दोनदा वाचला. तेवीसमध्ये एकही पदार्थ अंड्याचा, माशाचा, मटणाचा नव्हता. मी विचारलं, तर उत्तर आलं, “अगं, इंदूर व्हेज शहर आहे.”

हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याचसाठी हा लेख आहे.

सराफ्याबद्दल खोटं बोलणार नाही. जागा भारी आहे. दिवसभर सोन्याचांदीची दुकानं, आणि रात्री त्यांची शटरं पडली की त्याच पायऱ्यांपुढे कढया लागतात. थंडीचे दिवस होते, म्हणजे गराडूचे. गराडू हा एक कंद. त्याच्या फोडी तळून वर लिंबू पिळतात आणि जीरावन नावाचा आंबट-तिखट मसाला भुरभुरतात. भुट्टे का कीस म्हणजे मक्याच्या कणसाचा कीस दुधात शिजवलेला. खोबऱ्याच्या सारणाची पॅटिस. ताटाएवढी जिलबी, तिला तिथे पुल्लिंगी करून ‘जलेबा’ म्हणतात. मी सगळं खाल्लं, गराडू दोनदा खाल्ला. सकाळी वाफेवरच्या भांड्यातले पोहे, वर शेव आणि जीरावन. पोहे आणि साबुदाण्याची खिचडी खाताना सोबतची मंडळी मला म्हणाली, “हे तर तुमचंच, मराठी लोकांचं.” मी म्हटलं, कुठल्या मराठी लोकांचं? आमच्या घरी साबुदाणा मी दहावीपर्यंत खाल्लेला नव्हता. आम्हाला उपासच नव्हते.

आता त्या वाक्याकडे येऊ. इंदूर व्हेज शहर आहे.

केंद्र सरकारच्याच २०१४ च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात मध्य प्रदेशातली पंधरा वर्षांवरची साधारण निम्मी माणसं मांसाहारी आढळली होती. देशात हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर आहे. सराफ्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर बंबई बाजार आहे, तिथे रात्री कबाबाच्या शेगड्या पेटलेल्या असतात. ज्या छप्पन दुकानच्या नावाने लोक डोळे मिटतात, तिथेच अंड्याचा ‘बेंजो’ पिढ्यान्‌पिढ्या विकला जातोय. आणि ज्यांचा राजवाडा सराफ्याला लागून उभा आहे ते होळकर धनगर घराण्याचे. मेंढरं राखणाऱ्यांच्या वंशाने वाढवलेलं हे शहर. तेव्हा इंदूर व्हेज नाही. इंदूरचा तक्ता व्हेज आहे. शहरातली कुठली माणसं ‘शहर’ म्हणून मोजायची, हे तक्ता करणाऱ्याने ठरवलंय.

आणि हे फक्त माझ्या सोबतच्या चार-पाच जणांचं अज्ञान असतं तर मी लेख लिहायला बसले नसते. राज्य हा तक्ता कायद्याने करतंय. १३ डिसेंबर २०२३ ला मोहन यादव यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशीच्या पहिल्यावहिल्या आदेशांत एक होता उघड्यावर मांस, मासे, अंडी विकणाऱ्यांवर कारवाईचा. कारण दिलं अन्नसुरक्षेचं. सराफ्यातली कढई उघड्यावरच असते. छप्पन दुकानाबाहेरचं टेबल उघड्यावरच असतं. त्यांना ‘स्वच्छ खाद्यपथ’ म्हणून केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं प्रमाणपत्र मिळतं, आणि कोपऱ्यावर तारेच्या टोपलीत अंडी ठेवून बसलेल्या माणसाला तीच अन्नसुरक्षा हुसकावून लावते. याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये गुजरातेत बडोदा, राजकोट, भावनगर, अहमदाबाद इथे हेच घडलं होतं. आधी गाडी हटवायची, आणि चार वर्षांनी येणाऱ्या पर्यटकाला सांगायचं की बघा, इथे कुणी खातच नाही.

गाडीवाल्याचं पोट गेलं, ते एक. त्याहून खालचं सांगते. २०१५ मध्ये मध्य प्रदेशातल्या काही आदिवासी जिल्ह्यांतल्या अंगणवाड्यांत मुलांना अंडी द्यायचा प्रस्ताव होता. तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी तो फेटाळला. २०१९ मध्ये कमलनाथ सरकारने तो विषय पुन्हा काढला, तेव्हा विरोधी पक्षनेते गोपाल भार्गव म्हणाले की लहानपणी अंडी खाऊ घातली तर ही मुलं मोठेपणी नरभक्षक होतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत या राज्यातली पाच वर्षांखालची शंभरातली सुमारे छत्तीस मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. ज्या घरात अंडं चालतं त्या घरातल्या मुलाला अंडं नाकारायचं, कारण ज्यांच्या घरात चालत नाही त्यांना ते बघवत नाही. याला ‘भावनांचा आदर’ म्हणतात. आमच्या ठरावातही हाच शब्द आहे.

रात्री जेवता जेवता मी हे बोलले. म्हणजे ओरडले नाही, पण बोलले. उत्तर ठरलेलं होतं: “प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणतेस? आवडीनिवडीचा प्रश्न आहे. आम्ही तुला अंडं खाऊ नको म्हटलंय का?”

नाही म्हटलेलं. फक्त माझं ताट वेगळ्या रंगाचं करायचंय.

शाकाहार ही कुणाची निवड असेल तर माझं काही म्हणणं नाही. माझे एक मामा माळकरी होते, ते आमच्याच पंगतीत बसून, आमच्याच बाजूला वरणभात खायचे आणि ‘मला रस्सा नको रे’ एवढं म्हणायचे. ती निवड. माझ्या ताटामुळे तुमचं ताट बाटतं, माझं ताट ज्या नळाखाली धुतलं त्या नळाचं पाणी तुम्हाला चालत नाही, याला निवड म्हणत नाहीत. याचं जुनं नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. नळ वेगळा असावा, हे वाक्य स्वतंत्र भारतातल्या समाजशास्त्राच्या दोन विद्यार्थ्यांनी टाइप केलं आणि त्यांचा हात थांबला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. ज्या माणसाने पाण्यासाठी १९२७ ला महाडच्या तळ्यावर मोर्चा नेला, त्याचा फोटो यांच्याच विभागाच्या भिंतीवर आहे.

आणि प्रश्न मांसाचा आहे, असं ज्यांना खरंच वाटतं त्यांच्यासाठी: डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत दलित भोजनमातेच्या हातचं जेवायला सवर्ण मुलांनी नकार दिला आणि तिलाच कामावरून काढण्यात आलं. ती काही मटण शिजवत नव्हती. डाळभात शिजवत होती. डाळीत काय घातलंय हा प्रश्न नव्हता, पळी कुणाच्या हातात आहे हा होता. म्हणून ‘व्हेज-नॉनव्हेज’ या जोडीवर माझा विश्वास नाही. तो सोवळं-ओवळं या जोडीचा इंग्रजी अनुवाद आहे. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत शाकाहाऱ्यांसाठी टेबलं राखली गेली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने ‘शुद्ध शाकाहारी’ ऑर्डरींसाठी हिरव्या गणवेशातली वेगळी पोरं नेमायची घोषणा केली. गदारोळ झाल्यावर दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घेतला, वेगळी फौज मात्र ठेवायची म्हणाले. रंग बदलला की काम भागतं, असं या लोकांना का वाटतं कोण जाणे.

थोडं आपल्याही लोकांशी बोलायचंय, कारण हा स्तंभ आपलेच लोक वाचतात.

आपल्यात एक जण असतो जो नोकरी लागली, फ्लॅट घेतला की सांगायला लागतो, “आम्ही आता घरात नॉनव्हेज करत नाही.” शेजारच्यांसाठी. सोसायटीसाठी. मी त्याला नावं ठेवत नाही, भाड्याचं घर शोधताना मीही ‘एग्जपण नाही’ असं दोनदा खोटं बोललेय. पण याला तो बाबासाहेबांचा आधार देतो तेव्हा मला गप्प बसवत नाही. १९२७ च्या महाड परिषदेत मेलेल्या ढोराचं मांस सोडा असं सांगितलं गेलं, आपल्या आज्या-पणज्यांनी ते सोडलं, हे खरं. ते का सोडलं? मांस अपवित्र म्हणून नव्हे. मेलेलं ढोर ओढायचं, आणि मजुरी म्हणून तेच खायचं, ही गावकीने लादलेली गुलामी होती म्हणून. ती गुलामी सोडणं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला घाबरून फ्रीजमधली अंडी लपवणं, या एकमेकांच्या उलट्या गोष्टी आहेत.

दुसरा जण म्हणतो, आपलं खाणंही ‘फूड मॅप’वर आणू. ‘दलित फूड’ची थाळी, फूड वॉक, माणशी दीड-दोन हजार. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहिलं तेव्हा त्यात चान्या, रक्ती, वजडी यांच्या कृती होत्या, आणि त्यांच्यासोबत त्या कुणाच्या वाट्याला का आल्या याचा हिशेबही होता. २०२४ मध्ये ते पुस्तक इंग्रजीत आलं आणि आता माझ्या सहकाऱ्यांना कृती हव्यात, हिशेब नको. माझ्या आजीने तेल परवडत नव्हतं म्हणून जे चरबीत केलं त्याला ‘रस्टिक’ म्हणायचं आणि इन्स्टाग्रामवर टाकायचं. तक्त्यात चोविसावी ओळ मिळवणं हा माझा लढा नाही. मला अंगणवाडीत अंडं हवंय, गाडीवाल्याला जागा हवीय आणि मेसमध्ये नळ एकच हवाय. थाळी त्यांची त्यांना लखलाभ.

रात्री एक-दीडला सराफा विरळ व्हायला लागला. हिरव्या-निळ्या कोटातली माणसं, त्यात बाया जास्त, झाडू घेऊन आली. आमच्यातल्या एकाने कौतुकाने व्हिडिओ काढला. इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरतंय, आणि ते उगाच नाही. काम दिसतं. ओला-सुका कचरा दारातच वेगळा होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करायची सोय आहे. म्हणजे आम्ही टाकलेल्या रबडीच्या द्रोणातल्या उरल्यासुरल्यावर उद्या बस चालणार. पण झाडू कुणाच्या हातात, हे या कौतुकात येत नाही. सरकारनेच गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या ३८,००० कामगारांची देशभर नोंद केली, तेव्हा त्यांतले जवळजवळ ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. रस्ता झाडणाऱ्यांची गोष्ट फार वेगळी असेल असं समजायला मला काही कारण दिसत नाही. मी एका बाईंना विचारलं, इथलं खाता का कधी? त्या हसल्या. म्हणाल्या, “बच्चों के लिए कभी ले जाते हैं. यहाँ खड़े होकर नहीं.” उभं राहून का नाही, ते मी विचारलं नाही. त्यांनाही घाई होती, तीनशे पावलांची गल्ली उजाडायच्या आत झाडायची होती.

रविवारी दुपारपर्यंत वेळ होता. मी म्हटलं, महूला जाऊ. वीस-पंचवीस किलोमीटर तर आहे. सरकारी नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर, पण सगळे महूच म्हणतात. १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब तिथे जन्मले, लष्करी छावणीत, काली पलटन भागात. वडील रामजी सुभेदार, सैन्याच्या शाळेत मुख्याध्यापक. समाजशास्त्रात पीएचडी करणारी पाच माणसं इंदुरात आहेत आणि हातात अख्खी सकाळ आहे.

ग्रुपमधल्या एकाने तक्ता उघडला, खालीवर केला आणि मनापासून विचारलं, “पर यार, महू में खाने को क्या है?”

कुत्सितपणा नव्हता त्यात. म्हणूनच ते इतकं खरं होतं. ज्याच्या नकाशावर खाण्याची जागा नाही ती जागाच नाही.

मी बसने एकटी गेले. पांढरं, स्तूपासारखं स्मारक, पुढे बाबासाहेबांचा पुतळा. १४ एप्रिलला इथे पाय ठेवायला जागा नसते. महाराष्ट्रातून गाड्या भरभरून लोक येतात. त्या दिवशी मात्र शांत होतं. एक कुटुंब होतं हिंगोलीकडचं, भाड्याची गाडी करून आलेलं. बाहेर सावलीत जेवायला बसत होते. मी “जय भीम” म्हटलं. त्यातल्या म्हाताऱ्या मावशींनी मान वर केली.

“जय भीम. कुण्या गावची गं माय?”

“भुसावळची, मावशी. भोपाळला शिकते.”

“अजून शिकायलीस?” मग लेकाकडे बघून, “बघ रे. आन एकटीच आलीस?”

“सोबतचे इंदूरला थांबलेत.”

“बरं, बस मग.”

ज्वारीच्या भाकरी, ठेचा, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी एका डब्यात. मी बसले आणि खाल्लं. त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, हे खरं, पण उगाच गोड करून सांगत नाही: ‘जय भीम’ म्हटल्यावर विचारायची गरजच उरली नव्हती. जातीचा नकाशा आमच्याही डोक्यात आहे, आमचीही सुरक्षित जागा आम्हाला तिथेच सापडते. कुणा ब्राह्मण मुलीने येऊन “मीही बसू का” म्हटलं असतं तर मावशी थोडी बावरली असती, डबा सारखा करत “तुम्हाला चालंल का?” म्हणाली असती. हा ‘चालंल का’ आपल्या जिभेवर कुणी ठेवला?

“इंदुरात काय पाह्यलं?” मावशींनी विचारलं.

“काही नाही, खाल्लं फक्त.” मग मी गराडूचं वर्णन केलं.

“म्हंजे रताळ्यावाणीच की,” त्या म्हणाल्या, “त्यासाठी एवढ्या लांबून?”

परतीच्या गाडीत ग्रुपवर हिशेब आला. माझ्या वाट्याला १,३४० रुपये. मी दिले. तक्त्यात मी खाली एक ओळ टाकली: महू, भाकरी आणि सुकटीची चटणी, सकाळी अकरा, अनिवार्य. कुणी काही बोललं नाही. एकाने अंगठा दाखवला. तो ठरावावर सही करणाऱ्यांपैकी एक. त्याला काही वाईट वाटलं असेल असं नाही, आणि नाहीच वाटलं असंही मी म्हणणार नाही.

मेस कमिटीची बैठक येत्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता आहे. चाळीस जणांचं वसतिगृह, अंडी घेणारे निदान पंचवीस. मी नोटीस लागल्यापासून खोल्या हिंडतेय. बहुतेक जण म्हणतात, “जाऊ दे ना ताई, खायला मिळतंय ना, ताट कुठल्या का रंगाचं असेना.” यातले बरेचसे आपलेच, घरातून कॉलेजात पोचलेले पहिलेच. त्यांना बैठकीत बोलायची भीती वाटते, आणि ती भीती मला कळते; चार वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. आतापर्यंत अकरा सह्या झाल्यात. बारावी देतो म्हणालेला मुलगा मांडलाचा आहे, गोंड, पहिल्या वर्षाला. त्याने फक्त एवढंच विचारलं, की सही केल्यावर आपलं नाव फलकावर लागणार का. मी हो म्हणाले. तो म्हणाला, उद्या सांगतो.